इन्नंबूरच्या वाटेची सायकल

कुंभकोणम्,
२० जून १९८८

वेंकू,

आईचा आशीर्वाद आधी पदरात घे, मग बाकीचं वाच. अक्षर वाकडं दिसलं तर जावयांना दाखवू नको. तिसरीनंतर बापानं माझी पाटी काढून घेतली आणि हातात लाटणं दिलं. लाटणं मी सरळ धरते, त्यात कोणी खोट काढू दे बघू.

बातमी ही की आपल्या घरात सायकल आली! तुझ्या भावाची, सुंदरची नव्हे, त्याची ती म्हातारी दांडीची सायकल अजून अंगणात खोकत उभी आहे. ही बायकांची सायकल, नवी कोरी, तुझ्या भाचीची. भुवनेला इन्नंबूरच्या शाळेत मास्तरणीचं काम मिळालं म्हणून मागच्या कागदात लिहिलं होतं ना? बस स्वामीमलैपर्यंत नीट जाते, पुढं ड्रायव्हरच्या मर्जीवर. शाळा चालवणारे वासुदेवराव आपल्यातलेच, पण तोंड कडू. पहिल्याच दिवशी बोलले, "उशीर चालणार नाही हो, दुसऱ्या पोरी रांगेत उभ्या आहेत." पोर घरी आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "आजी, सायकल नाही तर शाळा नाही. शाळा नाही तर मी जन्मभर तुझ्या चुलीशेजारी."

"माझ्या शेजारी काय वाईट आहे ग?"

"तू मीठसुद्धा चाखू देत नाहीस."

नैवेद्याच्या आधी कसं चाखू देणार, तूच सांग! तर मग आम्ही तिघी सुब्रह्मण्याच्या दुकानात गेलो, मी, भुवना आणि तिची धाकटी बहीण वेणी. सुब्रह्मण्य फार गोड बोलतो. मला खुर्ची दिली, काप्पी मागवली, मी बाहेरची घेत नाही म्हटल्यावर स्वतःच पिऊन टाकली. डाळिंबी रंगाची एक सायकल काय सुंदर होती वेंकू, नवरीसारखी. चेनच्या झाकणावर वेलबुट्टी. कॉलेजच्या सगळ्या पोरी हीच नेतात म्हणून बोलला. आणि आमच्या बाईसाहेबांनी बोट कुठं दाखवलं? कोपऱ्यात एक पांढरी होती, तिच्याकडे! मी म्हटलं, लग्न ठरलेल्या मुलीनं पांढरं काय घ्यायचं? ती ऐकेल तर ना. दोन्ही सायकली ढकलत दुकानाच्या मागं गेली, तिथं गोण्यांचा अंधार आहे. लांब उभी राहून बघितलं आणि पांढरीच पाहिजे म्हणून बोलली. वर दिवा पाहिजे तो सगळ्यांत मोठा. सुब्रह्मण्यानं कपाळाला हात लावला. "पापा, पोरी, ही सायकल आहे, लॉरी नव्हे!" सगळं दुकान हसलं. भुवनाही हसली, पण दिवा सोडला नाही.

चाकाखाली लिंबू ठेवून फोडलं, हळदकुंकू लावलं. पोर बसली आणि पदर खोचून अशी गेली रस्त्यानं की माझं पोट भरलं. आमच्या वेळी बाई दाराबाहेर उभी राहिली तरी बोलत होते.

तुझ्या विजयराघवास सांग, त्याच्या मामाची मुलगी आता दोन चाकांवरून येणार, दार मोठं करून ठेव. पोंगल झाल्यावरचा मुहूर्त तुझ्या सासरच्या भटजींकडून बघून घे. हक्काची मुलगी हक्काच्या घरात येते आहे, माझ्या डोळ्यांदेखत, अजून काय पाहिजे.

तुझी आई


बेंगळूर,
४ जुलै १९८८

आईस, लेकीचा नमस्कार.

पत्र मोठ्यानं वाचलं. लॉरीच्या वाक्यापाशी आले तशी विजय ताट सोडून हसत बाहेर पळाला. आता घरात भुवनेचं नावच लॉरी पडलं आहे. तिला सांगू नको, नाहीतर लग्नाआधीच भांडण. पांढऱ्या रंगावरून सासूबाईंनी नाक मुरडलं, मी लक्ष दिलं नाही. हल्लीच्या मुली आपल्याला आवडेल ते घेतात, घेऊ देत.

मुहूर्त फेब्रुवारीत निघतो आहे. दोन तारखा आहेत, नक्की झाली की लिहिते.

एक विचारू? शाळा चारला सुटते ना? मग एवढा मोठा दिवा कशाला?

विजयनं मागच्या चाकावर लावायची लाल काच घेतली आहे, येणाऱ्याबरोबर पाठवते. त्यानं स्वतः निवडली, हे मात्र तिला सांग.

वेंकटलक्ष्मी


कुंभकोणम्,
२५ नोव्हेंबर १९८८

वेंकू,

तुझ्या तोंडात साखर, मुहूर्ताचं पत्र अजून आलं नाही पण येईल. लाल काच पोचली. भुवना तिच्यावरून पदर फिरवते, धूळ बसली म्हणून सांगते. मला काय कळत नाही?

आता सायकलीचं ऐक. ती पांढरी सायकल घरात राहिली नाही, मी बदलून आणली. तिच्यात काहीतरी होतं बघ. पावसाचे दिवस, ढग भरून येतात, शाळा सुटून पोर निघेपर्यंत उजेड गेलेला. एकदा कालव्यात गेली. कडेच्या बांधावरून सरळ पाण्यात, सायकलीसकट! शेतातल्या बायकांनी ओढून काढली. चिखलानं अशी माखली होती की वेणी बोलली, "आक्का, भाताची लावणी करून आलीस काय?" दुसऱ्या खेपेस रस्त्यात म्हैस बसली होती. म्हैस, वेंकू! मांजर नव्हे. सगळी माणसं बाजूनं गेली, ही सरळ तिच्या पाठीवर. म्हैस उठून चालू लागली, ही खाली. "म्हैस दिसली नाही काय ग?" म्हटलं तर बोलली, "काळी होती, आजी." म्हशी काय गोऱ्या असतात?

मी सुब्रह्मण्याकडे सायकल घेऊन गेले आणि त्याला चांगलं झाडलं. उंच आहे, दिवा खोटा आहे, हँडल एकीकडे ओढतं. त्यानं स्वतः बसून चक्कर मारली, "मामी, सायकलीत काही नाही" म्हणून बोलला. नाही कसं? मग काय, ह्या खेपेस मी निवडली. बुटकी, जाड टायरची, बसल्या बसल्या पाय जमिनीला लागतात. रंग निळा. भुवना पांढरीवर हात फिरवून निळी घेऊन आली. मला वाटलं रुसली.

काल कार्तिगैचे दिवे लावले. दारात, पायऱ्यांवर, कट्ट्यावर नुसता लखलखाट. आमची मास्तरीण दिवे चुकवत चुकवत आली आणि पायरीच चुकली. दिवे दिसतात आणि पायरी दिसत नाही, अशी कशी ग? मागच्या आठवड्यात जेवताना करंट गेला तर हिनं ताटाऐवजी साराच्या भांड्यात हात घातला. तुझा भाऊ बोलला, "लग्नाची मुलगी, चित्त बेंगळुरात आहे." आम्ही पोट धरून हसलो.

वासुदेवराव मात्र हसत नाहीत. चिखल धुऊन जायला दोनदा उशीर झाला, तर तिसऱ्या खेपेला दुसरी बाई बघतो म्हणून सांगितलं. भुवना रात्री जेवली नाही. "शाळा गेली तर मी गेले, आजी" म्हणून बोलली. असं अशुभ कोणी बोलतं काय? मी रविवारी तिरुनागेश्वरम्‌ला जाऊन राहूला दूध घालून आले. नजर लागली असेल ती उतरेल.

तुझी आई


बेंगळूर,
२ डिसेंबर १९८८

आई,

हसू नको. सुंदरलाही हसू देऊ नको.

मे महिन्यात भुवना इथं आली होती तेव्हा दुपारच्या खेळाला आम्ही सिनेमाला गेलो. आत शिरल्यापासून खुर्ची मिळेपर्यंत तिनं माझ्या पदराचं टोक घट्ट धरलं होतं. मला वाटलं, लहान गावची मुलगी, गर्दीला भिते. आता तुझं पत्र वाचून झोप लागली नाही.

तिला जवळ बसव आणि प्रेमानं विचार. संध्याकाळी आकाशात चांदणी दिसते का? वेणीला दिसते त्या वेळी तिला दिसते का? किती वर्षांपासून दिसत नाही? सायकलींना दोष देऊ नको, दोन्ही बिचाऱ्या चांगल्या आहेत.

नाताळच्या सुटीत तिला घेऊन ये. इथं डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत. विजयला आणि इथल्या सगळ्यांना मी तुम्ही सहज आलात म्हणून सांगेन. तूही तसंच सांग.

वेंकटलक्ष्मी


कुंभकोणम्,
२२ जानेवारी १९८९

वेंकू,

आम्ही सुखरूप पोचलो. पोंगल गोड झाला. तुझ्या घरची थंडी अजून माझ्या गुडघ्यांत बसली आहे, तिला परत पाठवायची कशी ते लिही.

डॉक्टरकडे मी आत आले नाही म्हणून तू रागावली होतीस. काय करू ग, मडीचं, सोवळ्याचं लुगडं होतं, दवाखान्यात कोण कोण शिवणार, मग परत आंघोळ होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. बाहेर झाडाखाली बसले ते बरंच झालं. एका कानडी बाईनं हुळी, म्हणजे त्यांचं सांबार, करायची नवी तऱ्हा सांगितली. आणि तू बाहेर येऊन सांगितलंस तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला. डोळ्याच्या नसा जरा अशक्त, पाला-भाजी खाऊ घाल. एवढंच ना! तेव्हापासून रोज अगत्तीची भाजी, पपई, गाजर. वेणी बोलते, आम्ही आता शेळ्या झालो.

भुवना मुकाट्यानं सगळं खाते. डॉक्टरकडून आल्यापासून फार शांत झाली आहे, लग्नाच्या मुली होतात तशा. पण सायकलीचं वेड मात्र दुप्पट. शाळेला आता पहाट उजळली की निघते आणि उजेड असतानाच परतते. वासुदेवरावांकडून शेवटचा तास मागून सोडवून घेतला, बदल्यात त्यांच्या दोन वर्गांच्या वह्या तपासायचं अंगावर घेतलं. आणि रविवारी घरात टिकत नाही. उन्हाचं दारासुरम्‌, स्वामीमलै, तिरुनागेश्वरम्‌, कावेरीच्या कडेनं कुठवर कुठवर. परत येते ती लालबुंद, आणि मला एकेक सांगत बसते, आज एका घराच्या भिंतीवर हिरवी पोपटाची रांगोळी पाहिली, आज बगळे पाहिले, आज एक म्हातारा छत्रीला ठिगळ लावत होता. मी म्हटलं, सायकल काय कोण पळवून नेतं आहे? दमानं घे की. तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आजी, तुझ्या नाकावर तीळ आहे म्हणून बोलली. अग, जन्मापासून आहे!

मी शालू काढून ऊन दाखवलं. फेब्रुवारीच्या कुठल्या तारखेला ते तू अजून लिहिलं नाहीस. हलवायाला आधी सांगावं लागतं. विसरलीस काय?

तुझी आई


बेंगळूर,
११ मार्च १९८९

आई,

फेब्रुवारी गेला. तू तीन कार्डं घातलीस, मी उत्तर दिलं नाही. आज विजयचे वडील गावाला गेले आहेत, म्हणून बसले.

तू झाडाखाली बसली होतीस तेव्हा डॉक्टर जे बोलले ते मी तुला सांगितलं नाही. भुवनानं माझे हात धरले होते. "मी सांगते आजीला, माझ्या वेळेनं" म्हणाली. तिनं अजून सांगितलं नसेल तर मलाच सांगितलं पाहिजे.

तिच्या डोळ्याच्या आतला पडदा वाळत चालला आहे. आधी रात्रीचं जातं, ते गेलंच आहे. मग दोन्ही बाजूंचं जातं, समोरचं तेवढं राहतं, नळीतून पाहिल्यासारखं. मग तेही. किती वर्षं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. भाजीनं होत नाही, कशानंच होत नाही. डॉक्टरांनी विचारलं, आईबाप नात्यातले काय? मी हो म्हटलं. सुंदरनं मुकुंदमामाची मुलगी केली, ती आपली रीतच. ते म्हणाले, रक्त जवळचं असलं की असं होऊ शकतं. मग विचारलं, हिचं लग्न कुठं ठरलं आहे? उत्तर भुवनानं दिलं.

आई, विजय माझा एकच मुलगा. मी घरात पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. विजय माझ्याशी बोलत नाही. मला वाईट म्हण.

पण हक्क तुटू नये असं मला फार वाटतं. वेणीला आता सतरावं लागलं. तिचे डोळे एकदा तपासून घे. चांगले निघाले तर दोन वर्षांनी तिला मला दे. डॉक्टर काहीही म्हणोत, सगळ्यांनाच होतं असं थोडंच आहे? घरातली मुलगी घरात येईल, भुवनेलाही पुढं आम्हीच सांभाळू. विचार कर. सुंदरला तूच सांग, तुझा शब्द तो मोडणार नाही.

वेंकटलक्ष्मी


कुंभकोणम्,
१९ एप्रिल १९८९

वेंकू,

तुझं पत्र हातात घेऊन मी तुळशीपाशी बसले होते. भुवना शाळेतून आली, सायकल लावली, माझ्याकडे बघितलं आणि बोलली, "अत्तेनं लिहिलं वाटतं." मी म्हटलं, हो. मग ती माझ्या शेजारी बसली आणि मीच रडले. ती नाही रडली. गाजराचा सांडगा झाला आहे माझा, आता बंद कर म्हणून बोलली. वेंकू, मी तीन महिने तिच्या तोंडात पाला कोंबत होते आणि ती मला बरं वाटावं म्हणून खात होती.

तुला वाईट म्हणायला मी पुष्कळ शब्द जमवले होते. भुवना बोलली, "अत्तेचं बरोबर आहे. मीच विजयला लिहिलं, वाट बघू नको म्हणून." तेव्हा शब्द गेले. पण वेणीचं तू लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. डॉक्टरनं सांगितलं ते तूच ऐकलंस ना? तेच परत करायचं, फक्त दुसरी पोर घेऊन? मी ही रीत आयुष्यभर मिरवली, सुनेला माझ्या भावाच्या घरातून हातानं आणलं. आता पुरे. तुझं हे मागणं सुंदरला मी सांगितलं नाही, आणि सांगणार नाही.

वेणीनं पत्र माझ्या उशाखालून काढून वाचलं. काय चुरचुरीत जीभ आहे तिची! बोलली, "अत्तेला लिही, माझे डोळे सध्या आक्काकडे आहेत. मोकळे झाले की कळवते." तसंच लिहिते आहे, एक अक्षर बदललं नाही.

ते डोळ्यांचं असं. गेल्या महिन्यात भर दुपारी, ढग नाही काही नाही, इन्नंबूरच्या वाटेवर एक पोर बाजूनं धावत आलं. भुवनेला ते दिसलंच नाही, सायकल त्याच्या अंगावर गेली. पोराच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सांधेल म्हणून वैद्य बोलला. त्याच्या आईनं शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, आमच्या पोराची मास्तरीण म्हणून उलट हिलाच पाणी दिलं. भुवना तिथून घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आली. लावली, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली. "संपलं, आजी."

दोन दिवस ती शाळेत गेली नाही. वासुदेवरावांचा निरोप आला, सोमवारी आली नाही तर दुसरी बाई. तुला सांगते, त्या दोन दिवसांत ती चुलीशेजारी बसून तांदूळ निवडत होती, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, आणि एक खडा सोडला नाही. ते मला बघवेना. मीच उठले. पोरींना म्हटलं, चला सुब्रह्मण्याकडे.

ह्या खेपेला निवडायला फार वेळ लागला. सुब्रह्मण्यानं विचारलं, "कोण चालवणार?" वेणी बोलली, "मी." "मग तुम्ही बसून बघा पापा." तर भुवना बोलली, "ती नाही, मी बसून बघणार," आणि स्टँडवर उभ्या सायकलीच्या कॅरिअरवर जाऊन बसली. एकीची पट्टी पातळ, एकीला पाय ठेवायला जागा नाही, एकीचं पुढचं सीट एवढं जवळ की नाक वेणीच्या पाठीला. चौथीवर बसून तिनं मागं रेलून बघितलं, पदर चाकात जातो का बघितलं, हलवून बघितलं. सुब्रह्मण्य एरवी एवढा बोलका, पण त्यानं गुपचूप पाने आणून कॅरिअरचे नट आवळले आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवली. वेणीला स्टँड काढून चक्कर मारायला सांगितलं. दोघी गेल्या बाजारातून. वेणी दात ओठ खाऊन चालवत होती. भुवनेनं तिच्या कमरेला धरलं होतं, पहिल्यांदा कोणाला तरी धरलं तसं.

आता रोज दोघी जातात. वासुदेवरावांना सांगून टाकलं आहे. वेणी दिवसभर तिथं लहानांना मुळाक्षरं गिरवून देते, फुकट. एका पगारात दोघी मिळाल्या म्हणून ते खूश. आमची शाळा टिकली. वर्षभर टिकेल, पाच टिकेल, मला माहीत नाही.

विजयराघवाचं दुसरीकडे बघ. चांगली, दुरून कुठून तरी आण, आपल्यापैकी असो नसो. आमंत्रण पाठव. आम्ही येऊ.

वाटेत त्या दोघींचा एक खेळ चालतो म्हणून वेणी सांगते. भुवना मागं बसून डोळे मिटते आणि कुठं आलो ते बोलते, आता पूल, आता चिंच, आता भाताची गिरणी, आता उजवीकडं देऊळ. चुकली तर वेणी घंटी वाजवते. सुरुवातीला सारखी वाजत होती. आता फार कमी वाजते, परवा तर एकदाही नाही म्हणून पोर आनंदानं सांगत आली. मी तिच्या ताटात भात वाढते आणि विचारत नाही, आक्का अजून डोळे मिटूनच सांगते काय, की आता मिटायची गरजच राहिली नाही.

तुझी आई